प्रबंधलेखनाची तयारी : सातारा–सांगलीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या संदर्भात

कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत उच्च शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली सुरू झाले. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर पदव्युत्तर शिक्षण घराजवळ आले. २०२१ मध्ये खुद्द साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाची स्थापना झाली. माण, खटाव, जत, आटपाडी अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांतील, ज्यांच्या घरी यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते अशी मुले-मुली आज एम. ए., एम. एस्सी. होत आहेत आणि पीएच. डी.साठी नावे नोंदवीत आहेत.

प्रवेशाचा प्रश्न अशा रीतीने पुष्कळसा सुटला असला तरी त्याच्या मागोमाग दुसरा एक प्रश्न उभा राहिला आहे आणि त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. परीक्षेत उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थी संशोधन प्रकल्पाचा अहवाल किंवा प्रबंध लिहावयास बसला, की अडतो. यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. परीक्षेचे उत्तर म्हणजे शिक्षकाला ठाऊक असलेली गोष्ट शिक्षकालाच पुन्हा सांगणे. प्रबंधात याच्या नेमके उलट करावयाचे असते. जे कोणी अद्याप सिद्ध केलेले नाही ते सांगावयाचे, आणि कशाच्या आधारे सांगतो तेही दाखवावयाचे. हा फरक सोळा-सतरा वर्षांच्या शिक्षणात त्याला कोणी समजावून दिलेला नसतो. मग माहितीची बाडे कपाटात पडून राहतात, नोंदणीची मुदत संपते, किंवा दुसऱ्याच्या प्रबंधातील पाने आपल्या प्रबंधात येऊन बसतात. ज्या घराने शेतातले दोन हात कमी करून मुलीला शिकविले, त्या घराचे हे नुकसान होते. आणि त्या मुलीला गावाविषयी जे ठाऊक झाले होते ते कागदावर न आल्यामुळे गावाचेही होते.

साताऱ्याच्या शाळेतील एक विद्यार्थी

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. ही शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली गेली. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी होणाऱ्या भाषणांत बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी येते. त्या पदव्यांसाठी त्यांनी लेखन कसे केले, याचा उल्लेख क्वचितच होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला उपयोगी पडेल असा भाग खरे पाहता तोच आहे.

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. पुढे मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : आधी सहाध्यायी व प्राध्यापक यांच्यासमोर वाचन, मग प्रसिद्धी. त्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठविलेले त्यांचे सामान आणि पुस्तके, ती बोट टॉर्पेडोने बुडविली गेल्यामुळे समुद्रात गेली. (आपल्या लेखनाच्या व टिपणांच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, हे सांगण्यास याहून दुसरे उदाहरण नको.) सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून आणि पैसे साठवून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा डी. एस्सी.साठीचा प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला. भारतातील ब्रिटिश धोरणावरील टीका परीक्षकांना तीव्र वाटली होती. जवळचे पैसे संपले होते. एप्रिलमध्ये ते मुंबईस आले आणि येथून सुधारलेला प्रबंध पाठविला. निष्कर्ष कायम ठेवून त्यांनी मांडणी बदलली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच वर्षाच्या अखेरीस पदवी मिळाली आणि डिसेंबर १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. लेखकाच्या पुष्कळ मतांशी आपण सहमत नाही, हे त्या प्रस्तावनेतच त्यांनी सांगून टाकले आहे. शिष्याने आपलेच मत उचलून धरावे, अशी अपेक्षा त्या गुरूने केली नाही.

ग्रंथाची रचनाही पाहण्यासारखी आहे. चलनावर आधी पुष्कळांनी लिहिले होते. दुसऱ्यांनी सांगितलेले पुन्हा सांगण्याचे आपण टाळले आहे, तसेच १८९३ च्या चलनसुधारणेपर्यंत परिस्थिती कशी येऊन ठेपली याची पुरेशी कल्पना आधीच्या ग्रंथांतून येत नाही, असे लेखक आपल्या मनोगतातच नोंदवितो. म्हणजे आधीच्यांचे काय झाले आहे, काय राहिले आहे आणि मी काय करणार, या तीन गोष्टी पहिल्या काही पानांतच वाचकाच्या हाती पडतात. सुवर्ण विनिमय परिमाणाचा कैवार १९१३ मध्ये केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने घेतला होता. विद्यार्थिदशेतील आंबेडकर त्यांचे नाव टाळत नाहीत. त्यांचे म्हणणे मांडतात आणि मग ते का पटत नाही हे दाखवितात. आपल्याकडे 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या प्रकरणात तीस-चाळीस ग्रंथांची नावे आणि प्रत्येकी चार ओळींचा सारांश एवढेच सापडते. अमुक ग्रंथ आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो की नाही, हे त्यात कोठेही नसते. अशा आढाव्याची पाने वाढतात, पण पुढच्या प्रकरणांना त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

विषय आणि प्रश्न

'सांगली जिल्ह्यातील हळद उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्यांचा अभ्यास' या धर्तीची शीर्षके वर्षानुवर्षे नोंदविली जातात. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषयावर लिहू लागले म्हणजे हळदीचे आयुर्वेदातील महत्त्व, जगातील उत्पादन, भारतातील उत्पादन, जिल्ह्याचा भूगोल असे करीत साठ-सत्तर पाने भरतात आणि शेतकरी शेवटच्या प्रकरणात भेटतो.

त्याऐवजी सांगलीलगतच्या हरिपूरची पेवे घ्या. तेथील जमिनीत खोल पेवे खोदून त्यांत हळद साठविण्याची पद्धत फार जुनी आहे. पेवात ओल येत नाही आणि कीड लागत नाही, असा व्यापाऱ्यांचा अनुभव. २००५ च्या महापुरात पाणी शिरून पेवांचे व आतील मालाचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर गोदामे आणि शीतगृहे यांच्याकडे व्यापार वळत गेला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता प्रश्न असा विचारता येतो : २००५ नंतर पेव कोणी सोडले, कोणी ठेवले आणि का? या प्रश्नाला उत्तर असू शकते. ते चूक निघू शकते. ते मिळविण्यासाठी कोणाला भेटावे लागेल, कोणत्या वह्या उघडाव्या लागतील, हेही प्रश्नातूनच समजते. पेव उघडल्यावर कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत आत न उतरणारा, मातीच्या रंगावरून जागा पारखणारा जो कामगार आहे, त्याचे ज्ञान कोणत्याही छापील ग्रंथात पुरतेपणी मिळणार नाही. हरिपूरच्या आसपास वाढलेल्या विद्यार्थ्याला ते मिळू शकते. इंग्रजी कच्चे म्हणून हा विद्यार्थी स्वतःला कमी समजतो. वास्तविक साधनांच्या बाबतीत तो पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा श्रीमंत असतो.

प्रश्न ठरला म्हणजे लेखनाला त्याच आठवड्यात आरंभ करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. 'आधी सर्व माहिती जमवू, मग लिहू' हा सल्ला दिसतो शहाणपणाचा, पण तोच बहुतेकांना बुडवितो. मला काय सापडेल असे वाटते, हे दोन पानांत लिहून ठेवले की पुढची प्रत्येक मुलाखत त्या दोन पानांशी ताडून पाहता येते, आणि माहितीचा ढीग होत नाही.

आकडा कोठून आला

येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या दोन जिल्ह्यांच्या बाबतीत चुकण्याच्या जागा पुष्कळ आहेत आणि त्या शासकीय कागदपत्रांशी निगडित आहेत.

एखादा विद्यार्थी १९४१ च्या जनगणनेतील 'सातारा' आणि १९५१ च्या जनगणनेतील 'सातारा' यांचे आकडे शेजारीशेजारी मांडतो आणि लोकसंख्येत पडलेल्या फरकाची कारणे शोधू लागतो. परंतु १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत या संस्थानांचा प्रदेशही त्याच सुमारास जिल्ह्यांत समाविष्ट झाला. दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. तेव्हा दोन आकड्यांतला फरक माणसांपेक्षा सीमांचाच अधिक असू शकतो. तालुकावार आकडे घेऊन, ज्या प्रदेशाची तुलना करावयाची तो आधी एक करून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे सर्व तळटिपेच्या चार ओळींत सांगता येते. न सांगितल्यास संपूर्ण प्रकरण फुकट जाते.

पिकांच्या आकड्यांचेही तसेच. सातबारावरील पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत असे; ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी ती स्वतः मोबाइलवरून करू लागला. २०१५ आणि २०२२ या दोन वर्षांच्या नोंदींत ऊस किंवा हळद कमी-अधिक दिसली, तर लागवड बदलली की नोंदविणारा बदलला, हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारावयास हवा. उत्तर न मिळाल्यास तसे लिहावे. परीक्षक अशा कबुलीला नावे ठेवीत नाहीत. शंका न घेतल्याबद्दल मात्र ठेवतात.

या ठिकाणी ग्रामपंचायतीचे सदस्य, ग्रामसेवक आणि तलाठी यांचे साहाय्य मोलाचे ठरते. विद्यार्थी माहिती मागावयास येतो, तेव्हा त्याला तोंडी आकडा सांगून वाटेस लावणे सोपे असते. त्याऐवजी नोंदवही त्याच्यासमोर ठेवावी आणि तिचे नाव, वर्ष व पान त्याला लिहून घ्यावयास सांगावे. कर आकारणीची नमुना आठची नोंदवही, ग्रामसभेचे इतिवृत्त, पाणीपट्टीच्या पावत्या ही प्रबंधाची अस्सल साधने आहेत. 'ग्रामपंचायतीकडून मिळालेली माहिती' एवढ्या तळटिपेवरून कोणालाही ती पुन्हा तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते पुरावा म्हणून चालत नाही.

या बाबतीत धडा घ्यावयास मिरजेपलीकडे जाण्याची गरज नाही. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन घराण्याच्या दप्तरांतील पत्रे निवडून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' १८९७ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि त्याचे बारा खंड काढले. शास्त्रीबुवा प्रसंगाची हकीकत आपल्या शब्दांत सांगतात आणि तिच्या पाठोपाठ ती ज्या पत्रांवर आधारलेली आहे ती पत्रे क्रमांकवार देतात. वाचकाला खरे यांचे म्हणणे न पटल्यास तो तेच पत्र वाचून वेगळा अर्थ काढू शकतो. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, मार्गदर्शक नव्हता. शाळेचे तास सांभाळून त्यांनी हे काम केले.

भाषा

मराठीत लिहावे की इंग्रजीत, हा वाद विद्यार्थ्याच्या दृष्टीने दुय्यम आहे. विषय, परीक्षक आणि वाचक पाहून तो निकालात काढावा. वाळवे तालुक्यातील कासेगावी अनेक वर्षे वास्तव्य केलेल्या डॉ. गेल ऑम्व्हेट यांनी पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवरील आपला प्रबंध १९७३ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे सादर केला. त्या मूळच्या अमेरिकन. प्रबंध इंग्रजीत आहे, परंतु त्यासाठी त्यांना मराठी शिकून मराठी साधनांपर्यंत जावे लागले. आपल्या विद्यार्थ्यांना ती भाषा जन्मतःच मिळालेली असते.

अभ्यासपूर्ण मराठी गद्याचा नमुना हवा असेल तर वाई जवळच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली तेथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. परिभाषासंग्रह १९७३ मध्ये आणि पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या विषयावरील एखादी नोंद घ्यावी आणि पहिल्या वाक्यात व्याख्या कशी केली आहे, कोणते विशेषण गाळले आहे, मतभेद असेल तेथे तो किती शब्दांत सांगितला आहे हे पाहावे. अशा दहा नोंदी बारकाईने वाचल्यास हाताला वळण लागते. पारिभाषिक शब्द तेथूनच घ्यावा आणि एकदा घेतला की शेवटपर्यंत तोच ठेवावा. ललित लेखनात एकाच अर्थाचे तीन शब्द वापरणे शोभून दिसते. प्रबंधात वाचकाला तीन वेगळ्या गोष्टी आहेत असे वाटते.

विद्यार्थ्यांच्या मराठीला जडलेला खरा रोग मात्र आपल्या कार्यालयांतून गेलेला आहे, हे या मासिकाच्या वाचकांनी मनावर घेऊ नये, पण ध्यानात घ्यावे. उदाहरणादाखल हे वाक्य पाहा : 'सदर संशोधनामध्ये संशोधकाद्वारे पेवांचा अभ्यास करण्यात आलेला असून त्याद्वारे पेवांची संख्या कमी होत असल्याचे निदर्शनास आलेले आहे.' हेच असे लिहिता येईल : 'हरिपुरातील पेवे कमी झाली आहेत. वापरात असलेली पेवे मी स्वतः मोजली. पूर्वीची संख्या जुन्या व्यापाऱ्यांच्या वह्यांतून घेतली.' पहिल्या वाक्यात कोणी काय केले ते झाकले जाते. दुसऱ्यात ते उघडे पडते आणि म्हणून त्यावर प्रश्न विचारता येतो. परिपत्रकात 'करण्यात यावे' आवश्यक असेलही. प्रबंधात कर्ता लपविण्याचे काही कारण नाही. शुद्धलेखनाबाबत साहित्य महामंडळाचे १९६२ व १९७२ चे मिळून अठरा नियम आहेत. ते एका बैठकीत वाचून होतात.

उसने आणि चोरलेले

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम लागू केले. प्रबंधातील मजकुराचे दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत आढळल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीस ते साठपर्यंत एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही. त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. हे आकडे विद्यार्थ्यांना पाठ असतात. परिणाम असा, की शब्द बदलून साम्य दहा टक्क्यांखाली आणण्याची कसरत शिकविली जाते आणि दुसऱ्याचा विचार दुसऱ्याच्या नावावर लिहावा ही साधी रीत राहून जाते. आता तर यंत्राकडून मजकूर लिहवून घेण्याची सोय झाली आहे. अशा मजकुरात अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावे संदर्भ म्हणून येतात, आणि मौखिक परीक्षेत तो ग्रंथ कोठे पाहिला असे विचारले, की पुढे काही बोलता येत नाही.

पुष्कळशी चोरी अजाणतेपणी, टिपणे काढतानाच होते. ग्रंथातील वाक्य वहीत उतरविले, अवतरणचिन्ह दिले नाही, आणि वर्षभराने ते आपलेच वाटू लागले. यावर उपाय साधा आहे. टिपणाच्या डाव्या बाजूस ग्रंथातील शब्द, अवतरणचिन्हांत, पृष्ठांकासह. उजव्या बाजूस ग्रंथ मिटवून आपल्या शब्दांत त्याचा अर्थ आणि आपली शंका. प्रबंध लिहिताना उजवी बाजू पुढे घ्यावी.

मसुदा वाचणारा

चांगला मार्गदर्शक मिळणे हा भाग्याचा प्रश्न राहू नये. मार्गदर्शकाकडे आठ विद्यार्थी, शिवाय तास, परीक्षा आणि समित्या. वर्षभर न पाहिलेला प्रबंध मुदतीच्या आधी पंधरा दिवस त्यांच्या टेबलावर येतो. मग 'भाषा सुधारावी' असा शेरा पडतो, आणि या शेऱ्याने कोणाचीही भाषा सुधारलेली नाही. पहिल्या मसुद्यावर शुद्धलेखनाच्या चुका काढीत बसू नये. प्रश्न कोणता, दावा कोणता, कोणत्या पानावर तो उघडा पडतो, एवढेच पाहावे. चुका दुसऱ्या-तिसऱ्या मसुद्यात दुरुस्त होतात.

महाविद्यालयांना एक गोष्ट विशेष खर्चाशिवाय करता येईल. महिन्यातून एका शनिवारी चार-पाच पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी बसावे आणि एकाने आपली दहा पाने वाचावीत. विषय वेगळे असले तर उत्तम. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला इतिहासाचे प्रकरण जेथे समजत नाही, तेथे बहुधा लेखकालाच ते समजलेले नसते. शक्य तेव्हा गावातील एखाद्या जाणत्याला बोलवावे. पेवांवरील प्रकरण ऐकावयास पेवमालक आला, तर तो पहिल्याच पानावर चूक दाखवील, आणि ती परीक्षकांच्या अहवालात येण्यापेक्षा शनिवारी कळलेली बरी.

लेखनाचा वेळ हाही व्यवहाराचा भाग आहे. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्याला सलग दोन महिने मिळणार नाहीत. रोज पाऊण तास मिळतो. त्यात आदल्या दिवशीचे एक पान सुधारावे आणि एक नवे लिहावे. सुगीत खंड पडला तर पडू द्यावा, परंतु थांबताना पुढचे वाक्य काय येणार ते कागदाच्या खाली लिहून ठेवावे. परत बसल्यावर हात लवकर चालतो.

पदवी मिळाल्यावर प्रबंधाची प्रत 'शोधगंगा' या संकेतस्थळावर ठेवली जाते आणि देशभरातील संशोधकांना ती पाहता येते. ज्या गावाने आपल्या वह्या उघडून दिल्या त्या गावाकडे मात्र ती सहसा पोहोचत नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावाने विद्यार्थ्याकडून एक छापील प्रत मागवून घ्यावी, ती गावच्या वाचनालयात नोंदवावी, आणि सोबत दोन पानांचा सारांश मराठीत मागावा. तो सारांश ग्रामसभेत वाचता येईल आणि त्यावर जे प्रश्न निघतील ते पुढच्या विद्यार्थ्याला देता येतील.